बोटीची सहल आणि किनाऱ्यावरचे दिवस

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आमच्या चिटणीसबाईंनी मला आज प्रवासवर्णन सांगावयास उभे केले आहे. गेल्या जूनमध्ये आम्ही चौघीजणी कोपनहेगनहून सुटणाऱ्या एका सहलबोटीने बाल्टिक समुद्राची सात रात्रींची फेरी करून आलो, हे उरणात आता बहुतेकांना ठाऊक झालेले आहे. तेव्हा तिकडचे आकाश कसे निळे आणि लोणी कसे पिवळे, हे सांगून मी आपला वेळ घेणार नाही. या सभेत अशा आठ भगिनी बसलेल्या आहेत की ज्यांनी पुढच्या उन्हाळ्यासाठी नावे दिली आहेत. कोणी भिशीचे पैसे बाजूला ठेवले आहेत, कोणी पेन्शनीतून वर्षानुवर्षे साठविले आहेत. एकीने तर आयुष्यात प्रथमच, मुलाला न विचारता, स्वतःच्या सहीने पैसे काढले आहेत. या पैशाचे चीज व्हावे एवढाच माझ्या बोलण्याचा हेतू आहे.

बोटीचे तिकीट काढले म्हणजे सहल ठरली, असा आपला समज असतो. खरे म्हणजे तिकिटाने ठरतो तो फक्त झोपण्याचा बिछाना आणि जेवणाचे टेबल. पाहावयाचे जे असते ते किनाऱ्यावर असते, आणि किनारा आपल्या हाती येतो तो मोजक्या तासांपुरता. ते तास कसे खर्च करावयाचे याचा विचार घरी, चहाचा कप हातात घेऊन, करावयाचा असतो. बोटीवर गेल्यावर तो होत नाही. तेथे सकाळी सहाला नाश्त्याची रांग आणि रात्री अकरापर्यंत गाणीबजावणी!

आपल्याला हे शिकविण्यास बाहेरचा कोणी नको. ओहोटीला मोऱ्याला लाँच लागत नाही, म्हणून आधी भरतीचे वेळापत्रक पाहून मग भाऊच्या धक्क्यावरची खरेदी ठरविणाऱ्या बायका आपण. अटल सेतू झाला, उरणपर्यंत आगगाडी आली, दोन्ही १२ जानेवारी २०२४ ला सुरू झाली, तरी लाँचची वेळ चुकली म्हणजे काय होते ते आपण विसरलेलो नाही. आणि आपल्याच तालुक्यातले घारापुरी पाहा. मुंबई बंदराला परदेशी सहलबोट लागली की तिच्यातली माणसे गेटवेवरून लाँचने तेथे येतात. धक्क्यापासून लेण्यांपर्यंत सुमारे सव्वाशे पायऱ्या आहेत, हे त्यांतल्या पुष्कळांना पहिल्या पायरीशी येईपर्यंत माहीत नसते. सोमवारी लेणी बंद असतात. पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना माळा आणि मूर्ती विकणाऱ्या घारापुरीच्या बायकांना विचारा. कोणता पाहुणा अर्धा वेळ भाव करण्यात घालवून शेवटी मूर्तीसमोर पाच मिनिटे उभा राहतो, आणि कोणता सरळ वर जाऊन त्रिमूर्तीसमोर शांत बसतो, हे त्या नेमके सांगतील. पुढच्या उन्हाळ्यात आपल्या आठजणी दुसऱ्याच्या गावात तसल्याच पाहुण्या होणार आहेत.

आता आमच्या फेरीकडे वळते. स्टॉकहोम असे माहितीपत्रकात मोठ्या अक्षरांत छापलेले होते. खाली बारीक अक्षरांत आणखी एक नाव होते, नीनेसहाम्न. हे नाव धाकट्या जाऊबाईंनी चष्मा लावून वाचले म्हणून कळले. पुष्कळशा मोठ्या बोटी स्टॉकहोम शहरात जात नाहीत, त्या नीनेसहाम्नला थांबतात आणि तेथून शहर सुमारे साठ किलोमीटर दूर आहे. उरणला उतरवून मुंबई पाहा म्हणण्यासारखेच हे झाले, किंबहुना त्याहून दूर. मग आम्ही घरीच कागद-पेन्सिल घेऊन बसलो. बोट सकाळी आठला लागणार आणि संध्याकाळी सहाला सुटणार, म्हणजे दहा तास. पण बोटीवर परत येण्याची अखेरची वेळ साडेपाच. सकाळी उतरणाऱ्यांची गर्दी, आगगाडीच्या स्टेशनापर्यंत चालणे, मग तासाभराचा लोकलचा प्रवास. शहरात पाय ठेवावयास सव्वादहा वाजणार. परतीची गाडी पावणेतीनची धरली तर बोटीजवळ दीड तास हाताशी राहतो. दहा तासांतले आपले असे साडेचार तास उरले. साडेचार तासांत राजवाडा, जुने शहर, नगरभवन आणि संग्रहालय पाहू म्हणणारी बाई काहीच पाहत नाही. आम्ही एक गोष्ट निवडली. वासा.

वासा हे स्वीडनच्या राजाचे लढाऊ गलबत. १० ऑगस्ट १६२८ या दिवशी ते पहिल्याच सफरीवर निघाले आणि बंदरातच, जेमतेम तेराशे मीटर गेल्यावर, वाऱ्याच्या झोताने कलंडून बुडाले. ६४ तोफा वर चढविलेल्या, खाली वजन अपुरे, आणि खालच्या तोफांच्या खिडक्या उघड्या. त्यांतून पाणी आत शिरले. कारंज्याचा कोणताही नाखवा सांगेल की वरचे ओझे जड झाले की होडी उलटते. राजाला हे सांगण्याची छाती कोणाची झाली नसावी असे मला वाटते. ते गलबत ३३३ वर्षे तळाशी होते आणि १९६१ च्या एप्रिलमध्ये वर काढले. १९९० पासून ते त्याच्यासाठी बांधलेल्या संग्रहालयात उभे आहे. आपल्या समुद्रात लाकूड इतकी वर्षे टिकतच ना, कारण लाकूड पोखरणारी कीड त्याचा भुगा करते. बाल्टिकचे पाणी फार कमी खारट. तेथे ती कीड जगत नाही. म्हणून वासाचे कोरीव सिंह आणि शिपाई आजही आपल्याकडे पाहतात. आमच्याबरोबर आलेल्या शेजारच्या काकींचे माहेर होड्या बांधणाऱ्यांचे. त्या त्या गलबताच्या पोटाखाली गेल्या आणि फळ्यांचे सांधे बोटाने मोजत एक तास तेथेच उभ्या राहिल्या. आणखी कोठे जाऊ असे आम्हांपैकी कोणी म्हटले नाही. साडेचार तासांचे सोने झाले.

बाल्टिक समुद्राला भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच, हे मात्र मला अखेरपर्यंत पचले नाही. सकाळी पाहावे तर पाणी जेथे, संध्याकाळीही तेथेच.

तालिनची गोष्ट निराळी. एस्टोनियाची ही राजधानी, तिचे तटबंदीचे जुने शहर धक्क्यापासून पायी वीसेक मिनिटांवर. येथे बोटीच्या सहलीचे पैसे भरणे म्हणजे मोऱ्याहून उरण बाजारात जावयास मुंबईहून मोटार मागविणे! नगरभवनाच्या चौकात औषधाचे एक दुकान आहे. १४२२ सालापासून त्याची नोंद सापडते आणि ते आजही चालू आहे. रस्ते मात्र सगळे गोट्यांचे. जाऊबाईंच्या गुडघ्यांना ते मानवणार नाहीत हे आम्हाला घरीच माहीत होते, म्हणून ठरले ते असे, की दोघींनी टेकडीवर चढावयाचे, दोघींनी चौकात बाकावर बसून कॉफी प्यावयाची, आणि बरोबर एकला औषधाच्या दुकानाच्या दाराशी भेटावयाचे. बरोबर गेलेल्यांनी सदासर्वकाळ बरोबरच राहिले पाहिजे, हा आपल्याकडचा हट्ट परदेशी सोडावा. ज्यांना चालवते त्या चालणाऱ्यांमुळे थकलेल्या ओढल्या जातात, आणि थकलेल्यांमुळे चालणाऱ्या अडकतात. मग रात्री जेवताना कोणी कोणाशी बोलत नाही.

तालिनलाच एक प्रकार डोळ्यांदेखत घडला. स्वीडनपेक्षा एस्टोनिया आणि फिनलंडची घड्याळे एक तास पुढे असतात. आमच्या बोटीने आदल्या रात्री घड्याळ पुढे केले आणि तशी चिठ्ठी प्रत्येक खोलीत टाकली. एका जोडप्याने चिठ्ठी वाचली नसावी. यजमानांच्या मनगटावर जुनीच वेळ. बोट सुटावयास दहा मिनिटे राहिली, शिडी ओढण्याच्या गडबडीत खलाशी, आणि धक्क्यावरून हे दोघे पिशव्या सांभाळीत धावत येत आहेत! वरच्या मजल्यावरून शेकडो माणसे टाळ्या वाजवीत होती. त्या बाईंचा चेहरा मला आठवतो. टाळ्या तिला मुळीच नको होत्या. शिडी मिळाली म्हणून बरे. उलटही होते हे ध्यानात ठेवा: काही बोटी वेळ बदलतच नाहीत, आणि खिशातला मोबाईल मात्र जमिनीची वेळ दाखवू लागतो. म्हणून दर सकाळी उतरताना शिडीशेजारच्या फलकावरची वेळ पाहावी आणि मनगटी घड्याळ तिच्याशी जुळवावे. मोबाईलवर विसंबू नये.

यातूनच मुख्य प्रश्न निघतो, आणि नावे दिलेल्या भगिनींत त्यावरून दोन पक्ष पडले आहेत असे ऐकते. बोटीने ठरविलेल्या सहली घ्याव्यात की आपले आपण हिंडावे? पहिल्या पक्षाचे म्हणणे खोटे नाही. बोटीच्या सहलीची बस रस्त्यात अडकली तर बोट बहुधा थांबते, किंवा तुम्हाला पुढच्या बंदरात पोहोचविण्याची व्यवस्था करते. आपले आपण गेलेल्यांसाठी बोट थांबत नाही. पुढच्या बंदराचे विमान स्वखर्चाने गाठावे लागते, आणि सामान तर बोटीबरोबर पुढे गेलेले. पण या निर्धास्तपणाची किंमत मोठी असते, आणि चाळीस माणसांच्या बसमध्ये सर्वांत हळू चालणाऱ्याची वाट पाहण्यात बराच वेळ जातो. माझे मत असे की हा तत्त्वाचा प्रश्नच नव्हे. प्रेक्षणीय जागा धक्क्यापासून किती दूर आहे आणि परत येण्याचे एकच साधन आहे की अनेक, एवढेच पाहावे. जवळ असेल तर आपले पाय, दूर असून दर अर्ध्या तासाने गाडी असेल तर थोडे धाडस, आणि दूर, डोंगरातला एकच रस्ता असेल तर मुकाट्याने बोटीची बस.

हेलसिंकीबद्दल थोडक्यात सांगते. बाजारच्या धक्क्यावरून पंधरा-वीस मिनिटांत फेरीबोट सुओमेनलिन्ना या बेटावरच्या किल्ल्यावर नेते. कारंजा ते रेवस जाण्याइतके सोपे. १७४८ साली त्याचे बांधकाम सुरू झाले, १९९१ पासून तो जागतिक वारशाच्या यादीत आहे. आपल्या समोरचा खांदेरी त्या यादीत २०२५ मध्ये आला, आणि आपल्यापैकी किती जणींनी खांदेरी पाहिला आहे, हे मी विचारीत नाही.

ज्यांचे नातेवाईक दहा वर्षांपूर्वी बाल्टिकला जाऊन आले त्यांनी एक सावधगिरी बाळगावी. तेव्हा या फेरीचा मुकुटमणी सेंट पीटर्सबर्ग असे. बोटीच्या किंवा परवानाधारक सहलीतून उतरणाऱ्यांना तेथे ७२ तास व्हिसाशिवाय हिंडता येई. २०२२ मध्ये युक्रेनवर आक्रमण झाल्यापासून या बोटींनी रशियाची बंदरे सोडली. तेव्हा जुन्या वह्यांतली टिपणे प्रेमाने वाचावीत, पण त्यांवर बेत आखू नये.

आता नॉर्वे, कारण आठजणींचा ओढा तिकडे आहे. डोंगरात आत शिरलेल्या समुद्राच्या अरुंद, खोल फाट्यांना फिओर्ड म्हणतात. आपल्या खाडीची बहीण म्हणा, फक्त दोन्ही काठांना मांडवा-रेवस नाही तर सह्याद्रीचे कडे. त्यांतला गायरांगरफिओर्ड २००५ पासून जागतिक वारसा आहे. येथे मी एक विचित्र सल्ला देणार आहे: पैसे भरून कोठेही जाऊ नका, पहाटे उठा. फिओर्डची खरी शोभा बोट आत शिरताना आणि बाहेर पडताना, डेकवरूनच दिसते. 'सात बहिणी' नावाचा धबधबाही बोटीवरूनच दिसतो. त्या वेळी नाश्त्याच्या रांगेत उभी राहणारी बाई पैसे पाण्यात टाकते. गाव अगदी लहान, दोन-अडीचशे वस्तीचे. मोठी बोट बहुधा फिओर्डमध्येच नांगर टाकते आणि लहान होड्यांनी माणसे किनाऱ्यावर सोडते. मोऱ्याला ओहोटीत होडीत चढउतार केलेल्यांना भीती नाही, पण ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी आधी विचार करावा. या होड्यांत बोटीच्या सहलीवाल्यांना पहिला मान असतो, बाकीच्यांना क्रमांकाची चिठ्ठी घेऊन थांबावे लागते. हा अर्धा-पाऊण तास हिशेबात धरा. होडीत बसल्यावर जीवरक्षक जाकीट कोठे आहे ते पाहून ठेवा. १८ डिसेंबर २०२४ ला घारापुरीला निघालेली 'नीलकमल' बोट नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसून बुडाली, तेव्हापासून हे मला कोणाला दुसऱ्यांदा सांगावे लागत नाही.

गायरांगरहून वर डाल्सनिब्बा नावाचे सुमारे दीड हजार मीटर उंचीचे ठिकाण आहे, वळणावळणाचा रस्ता. जावयाचेच असेल तर तेथे बोटीचीच बस.

फ्लोमला मात्र आगगाडी अवश्य घ्यावी. धक्क्यापासून स्टेशन चार पावलांवर. वीस किलोमीटरमध्ये ती समुद्रापासून ८६७ मीटर उंचीवरच्या म्युर्डालला चढते, एका बाजूस सुमारे एक तास, मध्ये श्योसफोसेन धबधब्याजवळ थांबते. आपल्या नेरळ-माथेरानच्या गाडीइतकेच अंतर, चढही जवळजवळ तेवढाच. पण माथेरानची १९०७ सालची अरुंद रुळांची, आणि ही १९४० ची मोठ्या रुळांची, म्हणून अर्ध्या वेळात पोहोचते. तिकिटे आधी काढावीत, कारण एका दिवशी दोन बोटी लागल्या तर सारे प्रवासी त्याच गाडीवर तुटून पडतात. कोणत्या बंदरात कोणत्या दिवशी किती बोटी आहेत, याची यादी बंदराची कचेरी आधीच प्रसिद्ध करते. ती पाहणे म्हणजे जत्रेचा दिवस टाळून देवदर्शनाला जाण्यासारखे आहे.

बर्गेन मात्र उरणच्या बायकांनी चुकवू नये. वर्षातले दोनशेहून अधिक दिवस तेथे पाऊस पडतो, त्यामुळे परके वाटणार नाही. छत्रीपेक्षा टोपीचा रेनकोट बरा. स्कोल्टन धक्क्यावरून चालत दहा-पंधरा मिनिटांत ब्रिग्गेन येते. पाण्याकाठी उभ्या असलेल्या, १७०२ च्या आगीनंतर बांधलेल्या लाकडी वखारींची ती रांग. जर्मन व्यापाऱ्यांनी चौदाव्या शतकात येथे ठाणे मांडले ते कशासाठी? सुक्या मासळीसाठी! उत्तरेच्या लोफोतेन बेटांवर कॉड मासा मीठ न लावता लाकडी मांडवांवर टांगून, फेब्रुवारीपासून मेपर्यंत थंड वाऱ्यात वाळवितात. तो बर्गेनला येई आणि तेथून साऱ्या युरोपात जाई. कारंज्याला बांबूंवर बोंबील वाळत घालणारी आपली कोळीण त्या वखारींसमोर उभी राहिली तर मार्गदर्शकाची काय गरज! वास ओळखीचा नाही लागला तरी धंदा ओळखीचा लागेल. तेथून फ्लोयेनच्या डोंगरावर दोराने ओढली जाणारी गाडी १९१८ पासून चालते, काही मिनिटांत ३२० मीटरवर नेते. ढग खाली उतरले असतील तर तिकीट काढू नये; वर धुक्याशिवाय काही दिसत नाही.

किरकोळ पण अडणाऱ्या गोष्टी आता भराभर सांगते. डेन्मार्क, स्वीडन आणि नॉर्वे यांचे क्रोन निरनिराळे आहेत, एस्टोनिया-फिनलंडमध्ये युरो. पण नोटा फारशा लागत नाहीत, सार्वजनिक शौचालयाचे दारसुद्धा पुष्कळ ठिकाणी कार्डाने उघडते. म्हणून प्रत्येकीजवळ स्वतःचे कार्ड हवे, आठजणींत एकीचे नको. फराळाचा डबा बोटीवर खुशाल न्या, पण दूध, मांस, फळे घेऊन किनाऱ्यावर उतरण्यापूर्वी तेथला नियम विचारा. जूनमध्येही हवा पंधरा-वीस अंशांची असते, वाऱ्याला त्याहून गार. साडीखाली लोकरी पायमोजे घालण्यात लाजण्यासारखे काही नाही. बोटीचे ओळखपत्र, बोटीच्या कचेरीचा दूरध्वनी आणि धक्क्याचे नाव एका कागदावर लिहून ब्लाऊजच्या खिशात ठेवा. धक्क्याचे नाव म्हणते, शहराचे नव्हे. कोपनहेगनला बोटी कधी लांगेलिनीला लागतात, जेथून १९१३ सालची जलपरीची मूर्ती पायी गाठता येते, तर कधी दूर ओशनकायला. टॅक्सीवाल्याला नुसते 'बोटीवर' म्हणून भागत नाही.

सर्वांत महत्त्वाचे ते व्हिसाचे, म्हणून मुद्दाम शेवटी ठेवले. आठजणींपुढे दोन फेऱ्या आहेत, एक कोपनहेगनहून सुटणारी, दुसरी इंग्लंडातल्या साउदम्प्टनहून. दुसरी थोडी स्वस्त दिसते. पण नॉर्वे, डेन्मार्क, स्वीडन, फिनलंड, एस्टोनिया या सर्वांना एकच शेंगेन व्हिसा चालतो, आणि इंग्लंडला चालत नाही. साउदम्प्टनहून गेलात तर दोन व्हिसे, दोनदा फी, दोनदा बोटांचे ठसे. कोपनहेगनच्या फेरीतही मध्ये एखादे ब्रिटिश बंदर असेल तर तेच, शिवाय शेंगेनमध्ये परत शिरावयाचे म्हणून तो व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा हवा. म्हणून माझे मत कोपनहेगनकडे. अर्ज निघण्याच्या सहा महिने आधीपासून करता येतो. निदान तीस हजार युरोचा प्रवासी विमा लागतो. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत दिलेला असावा आणि परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालणारा असावा.

तेव्हा आठही भगिनींनी येत्या गुरुवारी चार वाजता आपापला पासपोर्ट घेऊन मंडळाच्या खोलीत यावे. दोघींच्या पासपोर्टवर माहेरचे नाव आहे असे कळते. त्यांनी विवाहनोंदणीचा दाखलाही आणावा. प्रत्येक बंदराचा एक कागद करू, वर धक्क्याचे नाव, खाली तास. नकाशा मी आणते, पेन्सिली तुम्ही आणा.